दोन बोटं माया

सातवा लागला आणि माझा एकही कुर्ता पोटावरून खाली येईना.
सासूबाईंनी सोमवारच्या बाजारातून गाऊन आणले,
दोनशे नव्व्याण्णवला दोन, पाजायची चेन लावलेले,
फिकट गुलाबी. एकावर हत्तीचं पिल्लू.

मी मानवतला जिनिंगच्या काट्यावर पावत्या लिहिते.
दिवसभर कापूस खिडकीपुढून जातो:
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजा.
वजाबाकीची ही खोड घरी आल्यावरही जात नाही.

त्या रात्री बाळ उजव्या कुशीत लाथा झाडत होतं,
झोप नाही, म्हणून एका पावतीच्या पाठीवर मांडलं.
एका गाऊनचे दीडशे.
त्यातून रुई वजा. सूत वजा. विणाई, रंग,
चेन, हत्तीचा छाप,
ट्रकचं डिझेल, दुकानाचा गाळा,
गाळेवाल्याच्या मुलीच्या ट्यूशनचा काही हिस्सा.
खाली उरले सात रुपये.
पुन्हा केलं. सहा.

सहा रुपयांत कुणीतरी चेन बसवली होती,
सरळ, एकही टाका न चुकवता.
कुठल्या गावची, ठाऊक नाही.
तिचीही छाती दुपारी दोनला दगड होत असेल
आणि मशीन सोडून उठायला परवानगी नसेल.
आणि मी तेच घालून, पंख्याखाली,
माझं लेकरू पाजणार.

सासूबाईंना यातलं काय सांगणार?
त्यांनी भिशीच्या पैशांतून आणलेले.
हत्तीचा मी घालतेच.
तीन धुण्यांत हत्ती गेला, सोंड तेवढी उरली.

पुढच्या जोडीसाठी मशिदीमागच्या बोळात गेले,
ताहेराकडे.
निळं सुती कापड, तिनंच आधी भिजवून वाळवलेलं,
"नाहीतर आटतंय, मग बोंबलता."
तिनं टेप माझ्या पोटावरून फिरवली,
आकडा बोलली नाही, नुसती हसली.
"अजून वाढताल बाई. दोन बोटं माया ठेवते आत."

मग तिची पोरगी उठली.
अर्धी शिवण सुईखाली तशीच सोडून
ती भिंतीकडं पाठ करून बसली.
वीस मिनिटं मशीन बंद.
ही वीस मिनिटं पावतीच्या कुठल्या रकान्यात लिहायची?
मी बसून राहिले. बाहेर कुणीतरी कांदे विकून गेलं.

वळली तेव्हा दिसलं,
तिच्या स्वतःच्या कुर्त्याला पुढून तीन सेफ्टी पिना.
"मोहल्ल्यातल्या अकरा जणींचे शिवले," ती म्हणाली,
"माझा राहून गेला."

साडेपाचशे म्हणाली.
आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ, आपोआप,
"काही कमी?"

ताहेरानं खडू ठेवला.
"तुमच्या काट्यावर बोलतात का कुणी असं?"
बोलतात की. रोज बोलतात.
माल ओला आहे म्हणतात, कवडी आहे म्हणतात,
आणि बैलाची दोरी धरून उभा असलेला माणूस
माझ्याकडं बघतो, मी पावतीकडं.

पैसे मोजून दिले. पूर्ण.
म्हटलं, आधी तुझा शिव, माझा मागाहून.
"आन् तुमचं पोरगं पदराआड पाजताल का?"
तिनं पायटा दाबला. ऐकलं नाही.

नवव्यात एका रात्री ब्लेडनं मी बाजूची शिवण उसवली.
माया सुटली.
पुढं बाळंतपण झालं, दूध सांडलं, कपडा विटला,
खांद्यावर तेलाचे, औषधाचे डाग बसले,
पण बगलेखालून कमरेपर्यंत,
बारीक भोकांच्या ओळीला लागून,
दोन बोटांचा तो पट्टा
अजून पहिल्या दिवसासारखा निळा आहे.
पाजताना पोरगी तिथंच मूठ धरते.